टोपलीचं वजन

८ जुलै

प्रिय मामा,

सलाम. फोन तू उचलत नाहीस, हातमोजे असतात म्हणतोस, म्हणून पत्र.

पोचले. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी मागच्या अंगणाकडे उघडते. खोलीत आम्ही दोघी. दुसरी दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी जांभई दिली की ती माझ्या दाढा मोजते. घरात एकूण आठ माणसं: माझ्यासकट पाच मुली, दोन मुलं आणि घर सांभाळणाऱ्या काकू. एक मुलगा इतका उंच आहे की सगळे त्याला लांबूच म्हणतात. तो दिवसाला सहा संत्री खातो. दुसरा बोलत नाही.

घर चर्चचं आहे. इथे राहायचं तर दोन अटी. संध्याकाळची प्रार्थना चुकवायची नाही आणि घराचं एक काम अंगावर घ्यायचं. कामं वाटली तेव्हा मी आंघोळीला गेले होते, त्यामुळे मला कचरा मिळाला. हसू नकोस.

काम साधं नाही. मागच्या अंगणात एक अंजिराचं झाड आहे, खताचा एक खड्डा आहे आणि बाकी तण. रविवारी उपासनेला येणाऱ्यांच्या गाड्या रस्ता अडवतात, म्हणून चर्चच्या पंचांना अंगणावर काँक्रीट घालून सहा गाड्यांची सोय करायची आहे. झाड तसंही फळ देत नाही, असं पंचांचे अध्यक्ष म्हणतात. त्यांचं पूर्वी चष्म्याचं दुकान होतं. ते माणसाकडे बघतात तेव्हा नंबर काढत असल्यासारखे वाटतात. आमच्या पाळकबाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, जमीन आपल्या मालकीची नाही, आपण तिचे कारभारी. त्या घरातल्या मुलांना एक संधी द्या. शेवटी ठरलं ते असं: नोव्हेंबरअखेर आमच्या घरातून कचरागाडीत जाणारा कचरा निम्म्यावर आला आणि खड्ड्यातून खत निघालं, तर अंगण वाचलं. नाहीतर काँक्रीट. काय झालं ते उपासनेनंतर सगळ्यांसमोर उभं राहून मी सांगायचं.

आज पहिलं वजन केलं, एका दिवसाच्या कचऱ्याचं. तीन किलो आठशे ग्रॅम. निघताना तू तुझा जुना ताणकाटा दिलास तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. ते आता सरळ करते.

तुझी ठमी

(वेगळ्या अक्षरात:) साहेब, मी हिची खोलीतली मैत्रीण. आपण नगरपालिकेत मोठ्या पदावर आहात असं कळलं. आमच्या गल्लीच्या तोंडाचा दिवा दोन महिने बंद आहे. आपलं शहर वेगळं हे मान्य, पण साहेब लोकांची एकमेकांत ओळख असते. हिच्या दाढा उत्तम आहेत.


१७ जुलै

प्रिय ठमे,

साहेबांना पत्र मिळालं. साहेबांनी दिव्याची नोंद घेतली आहे. साहेब आत्ता कचरा निवडायच्या शेडमध्ये बाकावर बसून, एक हातमोजा काढून हे लिहीत आहेत. पाच मिनिटांत पुढची गाडी येईल. हे पत्र मैत्रिणीला दाखवू नकोस, साहेबांचं अक्षर वाईट आहे.

कारभारीण झालीस हे ऐकून मला बाकीच्या सात जणांची काळजी वाटली. सहा वर्षांची असताना तू घरातल्या सगळ्या चपला मापाप्रमाणे लावायचीस आणि जागा चुकवणाऱ्याला जेवायला बसू द्यायची नाहीस. तुझे वडील एकदा अनवाणी कामावर गेले.

खड्ड्याचं सांगतो. जेवढा ओला कचरा घालशील तेवढीच वाळकी पानं वर घालायची. आठवड्यातून एकदा उकरून वरखाली करायचं. हात घातलास की ऊब लागली पाहिजे. घाण वास आला तर हवा कमी पडते आहे. मातीसारखा वास आला तर झालं. अंजिराच्या बुडाशी थोडं उकर, त्याला कोणी विचारलेलं दिसत नाही.

रविवारी माझ्या वाटचंही बस. मला शेड असते. कचऱ्याला रविवार कळत नाही.

मामा


२१ सप्टेंबर

प्रिय मामा,

बसलास का? बस.

पहिला महिना मी सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वजन तीन किलो सहाशे. म्हणजे माना डोलावण्याचं वजन दोनशे ग्रॅम.

मग मी एक पद्धत काढली. संध्याकाळी प्रार्थना झाली, आमेन म्हटलं, की टोपली दिवाणखान्यात काट्याला लटकवायची. वजन मोठ्याने वाचायचं. मग एकेक वस्तू वर काढून विचारायचं, 'हे कोणाचं?' ज्याचं असेल त्याने उभं राहून सांगायचं, हे टाळता आलं असतं का. त्याचं नाव फळ्यावर. लांबूचं नाव सलग नऊ दिवस होतं. संत्र्याची सालं मी खड्ड्यात घालू देत नाही, आंबट असतात, गांडुळांना सोसत नाहीत असं वाचलं.

आणि काय सांगू! पहिल्या आठवड्यात दोन किलो. दुसऱ्या आठवड्यात एक. गेले दहा दिवस दीडशे-दोनशे ग्रॅमच्या वर काटा हलत नाही. काल एकशे वीस! पाळकबाईंनी तो आकडा चर्चच्या दारातल्या फलकावर लिहिला. अध्यक्षांनी मला थांबवलं, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, 'अभिनंदन.' त्यांना तो शब्द जड गेला असावा, पण म्हणाले.

घरात भक्तीही वाढली आहे. प्रार्थना संपूच नये असं सगळ्यांना वाटतं. परवा लांबूने एकट्याने वीस मिनिटं केली. ज्या देशांची नावं मला माहीत नाहीत तिथल्या आजाऱ्यांसाठीसुद्धा.

तुझी ठमी


२९ सप्टेंबर

प्रिय ठमे,

एकशे वीस ग्रॅम. दोनदा वाचलं. मग माझ्या शेजारी निवडायला बसणाऱ्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'घर रिकामं आहे का?'

एकतीस वर्षं मी लोकांच्या पिशव्या उघडतोय. पिशवीवरून सांगतो, घरात तान्हं आहे की म्हातारं, पाहुणे आलेत की भांडण झालंय. आठ माणसांच्या घरात काहीतरी निघतंच. दाढीचं पातं, गोळ्यांची रिकामी पट्टी, दुधाची पिशवी, मोडका कंगवा. आणि मामाने लिहू नये ते लिहितो. पाच तरुण मुली आहात. महिनाभरात तुझ्या टोपलीत कागदात गुंडाळलेली एकही पुडी आली नाही? टोपली तू आमेननंतर सगळ्यांसमोर उघडतेस. मग ती पुडी कुठे जात असेल?

कचरा खरोखर कमी झाला असेल तर मी शेडमध्ये कान धरून उठाबशा काढीन. पण मला वाटतं तो कमी झालेला नाही. तो चालत बाहेर गेलाय.

संत्र्याची सालं खड्ड्यात चालतात. बारीक चिरून घाल. लांबूची माफी माग.

मामा


४ ऑक्टोबर

मामा,

आयुष्यभर घाणीत हात घातला की सगळीकडे घाणच दिसत असेल. इथली माणसं खोटं बोलत नाहीत. रोज एकत्र गुडघे टेकतात. तुला ते कळणार नाही, तू रविवारी शेडमध्ये असतोस.

परीक्षा जवळ आली आहे. पुढचं पत्र उशिरा येईल.


१२ ऑक्टोबर

ठमे,

परीक्षा चांगली दे. खड्डा उकरायला विसरू नकोस.

मामा


६ नोव्हेंबर

प्रिय मामा,

परीक्षा पंचवीस तारखेलाच संपली. लिहायचं टाळत होते.

कॉलेजच्या वाचनालयात तिसऱ्या मजल्यावर जुन्या नकाशांची कपाटं आहेत. त्यांच्यामागे एक मोठी टोपली आहे. तिथे कोणी फिरकत नाही. मला ती कशी माहीत? सप्टेंबरपासून केकचे कागद मी तिथे टाकते. पहिल्यांदा टाकला तेव्हा म्हटलं, बाहेर खाल्लेल्या केकचा कागद घराच्या टोपलीत कशाला. केक मी घरूनच नेला होता.

परवा मंगळवारी गेले तर टोपलीपाशी लांबू. पिशवीतून संत्र्याची सालं काढत होता. मला बघून म्हणाला, 'नकाशा बघत होतो.'

'कुठला?'

'तू कुठला बघायला आलीस?'

माझ्या हातात चार कागद होते. तेवढ्यात जिन्यावरून आमची दंतवैद्य आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तिने पटकन पाठीमागे धरलं. मग लांबू बाजूला होत म्हणाला, 'या. रांग आहे.'

आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही. म्हणाली, 'ते मी तुझ्या काट्यावर लटकवणार नव्हते. दोन महिने पिशवीतून वाहतेय. वर्गात ती पिशवी मांडीवर घेऊन बसते. सारखं वाटतं, वास येतोय.'

मामा, तू पुडीबद्दल लिहिलंस ते पत्र मी चुरगळून टाकलं होतं. तेही वाचनालयातच.

घरी येऊन मी सगळ्यांना विचारलं, फळा पुसून. इतर मुलींचंही तेच. काकू दुधाच्या पिशव्या बाजाराच्या थैलीत तळाशी घालून नेतात. न बोलणारा मुलगा म्हणाला, 'मी दाढी वाढवली.' मला वाटलं होतं त्याला कसलं तरी दुःख आहे. पात्यांसाठी! आख्ख्या घरात खरा कचरा त्या एकट्याने कमी केला.

आता हे सांग. तीस तारखेला, रविवारी, मला सगळ्यांसमोर उभं राहायचं आहे. दारातल्या फलकावर एकशे वीस लिहिलेलं आहेच. तेवढं वाचून खाली बसले की अंगण वाचतं. खरं सांगितलं तर झाड जातं. खिडकी उघडली की त्याचीच पानं आत येतात. काय करू?

आणि तू ये. तू बोललास तर ऐकतील. मागच्या पत्रात जे लिहिलं ते मी तुला समोर बसून म्हटलं नसतं. कागदावर धीर येतो. चूक झाली.

तुझी ठमी


१२ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

उठाबशा वाचल्या. गुडघे तुझे आभारी आहेत.

त्या वाचनालयाच्या सफाईवाल्याचा कोणी विचार केला का? दोन महिने तो माणूस नकाशांच्या मागून संत्री उपसतोय. तुमच्या घराचं वजन कमी झालं ते त्याच्या हातात गेलं. आधी त्याला भेटा. सगळे जा. लांबूला पुढे करा, लपता येणार नाही असा तोच आहे.

मग काटा दिवाणखान्यातून काढ. प्रार्थनेनंतर जेवा, टोपली बघू नका. न्हाणीघरात झाकणाची टोपली ठेव, तिच्यात कोणी डोकावायचं नाही. सगळा कचरा बंद पिशवीत जाऊ दे. सकाळी गाडी यायच्या आधी पिशवी न उघडता वजन कर. कोणाचं काय ते विचारू नकोस. अठरा दिवस आहेत. जे भरेल ते भरेल.

खरं सांगू की खोटं, हे मला विचारू नकोस. विचारलंस म्हणजे तुला माहीत आहे. झाडाचं मला वाईट वाटतं.

यायचं जमणार नाही. रविवारी शेड.

मामा


१८ नोव्हेंबर

प्रिय मामा,

सफाईवाले काका भेटले. आम्ही सातही जण गेलो. त्यांना वाटलं, तक्रार करायला आलोत. लांबूने माफी मागितली आणि सोबत आणलेलं संत्रं त्यांना दिलं. त्यांनी ते तिथेच सोललं. मग म्हणाले, 'साल कुठे टाकू?'

लांबू साल परत घेऊन आला. आता सालं खड्ड्यात जातात, चिरून. गांडुळांनी तक्रार केलेली नाही.

बंद पिशवी: दोन किलो सातशे. निम्म्याला आठशे ग्रॅम जास्त. रोज सकाळी वाटतं आज उतरेल. पन्नास ग्रॅम उतरतं, दुसऱ्या दिवशी चढतं.

आईशी फोनवर बोलले. ती म्हणाली, तुझी शेड गेली नऊ वर्षं रविवारी बंद असते. साहेब, हे काय?

आता माझं. आल्या दिवशी इथे सगळ्यांनी विचारलं, घरी कोण कोण. मी म्हटलं, मामा नगरपालिकेत असतो. पुढचं साहेबपण त्यांनीच रचलं, मी खोडलं नाही. तू पहिल्याच पत्रात ओळखलंस आणि मला सांभाळून घेतलंस. टोपलीतलं कोणी काय लपवलं ते सगळ्यांनी सांगून झालं. मी तुला लपवलं होतं. काल जेवताना ते सांगितलं.

मग दंतवैद्य म्हणाली, 'म्हणजे दिव्याचं काही होणार नाही?'

तुझी ठमी


२४ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

तुझ्या आईच्या पोटात काही राहत नाही. लहानपणापासून.

खूप वर्षं झाली. शनिवारची रात्रपाळी संपवून सरळ उपासनेला गेलो. आंघोळ केली होती, दोनदा. बाकावर माझ्या शेजारी एक बाई होत्या. पहिल्या गीताला त्या थोड्या सरकल्या. दुसऱ्या गीताला आणखी. प्रवचन संपेपर्यंत आमच्यामध्ये तीन माणसं मावली असती. बाई वाईट नव्हत्या. माझी आई आजारी होती तेव्हा तिला भेटायला आल्या होत्या.

पुढच्या रविवारी म्हटलं, शेड आहे. तेव्हा होतीही. नंतर बंद झाली, पण म्हणायची सवय राहिली.

तुझ्या मैत्रिणीची मांडीवरची पिशवी वाचली आणि हे आठवलं. तिला सांग, दिव्याचं बघतो.

मामा


२ डिसेंबर

प्रिय ठमे,

शेवटून दुसऱ्या बाकावर होतो. तू पाहिलं नाहीस. कारभारीण बाईंची मान खाली होती आणि माझी बस साडेबाराची.

उशिरा पोचलो. बाक भरलेला. टोकाच्या आजी माझ्याकडे बघून सरकल्या. मी उभाच राहिलो. त्या आणखी सरकल्या. मग बाकावर हात आपटून म्हणाल्या, 'बसा की, किती सरकू?'

बसलो.

तू 'दोन किलो सातशे' म्हणालीस तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढला. एकशे वीस खोटं होतं आणि ते माझ्या फळ्यामुळे झालं, म्हणालीस तेव्हा परत घातला. काकूंच्या पिशव्यांचं सांगितलं नाहीस ते बरं केलंस. केकचे कागद मात्र चारदा सांगितलेस, लोकांना भूक लागली. मग म्हणालीस, 'हे मला माझ्या मामाने दाखवलं. तो कचरा निवडतो.' एवढ्या मोठ्याने बोलायची गरज नव्हती. आजींना कमी ऐकू येतं, त्यांनी मला विचारलं, 'काय करतो म्हणाली?' मी सांगितलं. त्या म्हणाल्या, 'कोणीतरी करायलाच हवं,' आणि गीताचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं, त्यांना अक्षरं दिसत नव्हती म्हणून. दोघांचं मिळून एक गीत झालं. सूर त्यांचा वाईट, शब्द माझे.

निघताना अंगणात गेलो. खड्ड्यात हात घातला. ऊब आहे. मातीचा वास आला. खत झालंय, ठमे. तेवढं तरी खरं निघालं.

तेवढ्यात अध्यक्ष आले. मी अंजिरामागे झालो, जुनी सवय. त्यांच्या हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, तुम्ही वाचनालयात बघत असाल तसं, आणि ते खड्ड्यात टाकलं. वर वाळकी पानं घातली. तेवढीच.

कोणाला सांगू नकोस.

मामा


९ डिसेंबर

प्रिय मामा,

काल पंचांची बैठक झाली. काँक्रीट रद्द झालेलं नाही. एक वर्ष पुढे गेलं. म्हणे अध्यक्षांनीच सुचवलं. मी पाळकबाईंना कारण विचारलं. त्या म्हणाल्या, 'फळ न देणाऱ्या अंजिराला एक वर्ष जास्त द्यायची आपल्यात जुनी पद्धत आहे, येशूच्या दाखल्यापासूनची.' तोवर निम्म्यावर यायचं. आज दोन किलो सहाशे.

न बोलणाऱ्याने दाढी काढली आणि पातं तसंच टोपलीत टाकलं. काकू त्याच्या अंगावर ओरडल्या, 'कागदात गुंडाळ, निवडणाऱ्याचा हात कापेल!' तो म्हणाला, 'चुकलं.' या आठवड्यातला हा त्याचा पहिला शब्द. काकूंना हे कोणी शिकवलं, मी विचारलं नाही.

गल्लीचा दिवा शुक्रवारी लागला. कोणी लावला कुणास ठाऊक. दंतवैद्य म्हणते, साहेबांनी शब्द पाळला. ती तुला अजून साहेबच म्हणते. हल्ली तिच्या पिशवीत पुस्तकं असतात.

रविवारी साडेबाराच्या बसने जायचं नाही. आजींनी मला दारात धरलं आणि विचारलं, तो उभा राहणारा माणूस परत कधी येणार. त्या बाकाच्या टोकाला बसत नाहीत आता. टोक मोकळं ठेवतात.

काल खड्डा उकरला. खत बाजूला काढलं, पहिली पाटी अंजिराला घातली. वरच्या थरात सफरचंद सापडलं, अर्धं.

वजन केलं नाही.

तुझी ठमी